लुईस वॉल्टर अल्वारेझ

लुईस वॉल्टर अल्वारेझ (१३ जून १९११, सॅन फ्रान्सिस्को – १ सप्टेंबर १९८८, बर्कली) हे अमेरिकन प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ होते. मूलकणांच्या अभ्यासातील कार्यासाठी त्यांना १९६८ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वसामान्य वाचकाला मात्र त्यांचे नाव वेगळ्याच कारणाने परिचित आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक मोठा लघुग्रह पृथ्वीवर आदळला आणि त्यामुळे डायनोसॉरांसह असंख्य जीवजाती नामशेष झाल्या, हा सिद्धांत त्यांनी १९८० मध्ये मांडला. त्यांचे भूवैज्ञानिक पुत्र वॉल्टर अल्वारेझ तसेच फ्रँक असारो व हेलन मायकेल हे रसायनशास्त्रज्ञ या कामात त्यांचे सहकारी होते. त्या वेळी लुईस अल्वारेझ सत्तरीच्या उंबरठ्यावर होते आणि भूविज्ञान हा त्यांचा विषयही नव्हता.

घराणे व शिक्षण

अल्वारेझ घराणे मूळचे स्पेनचे. आजोबा लुईस एफ. अल्वारेझ हे डॉक्टर होते. क्यूबामार्गे अमेरिकेत येऊन त्यांनी पुढे हवाई बेटांवर कुष्ठरोग्यांची सेवा केली. वडील वॉल्टर सी. अल्वारेझ हेही नामांकित वैद्य होते. १९२६ मध्ये ते मेयो क्लिनिकमध्ये रुजू झाल्यावर कुटुंब मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे राहावयास गेले. मुलाने अधूनमधून एक पूर्ण संध्याकाळ आरामखुर्चीत डोळे मिटून बसावे आणि कोणता नवा प्रश्न हाती घेण्याजोगा आहे, याचा केवळ विचार करावा, असा सल्ला वडिलांनी दिला होता. लुईस यांनी तो आयुष्यभर पाळला.

शिकागो विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाले, परंतु लवकरच भौतिकशास्त्राकडे वळले. तेथून त्यांनी १९३२ मध्ये पदवी आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. आर्थर कॉम्प्टन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी गायगर गणित्रांची एक दुर्बीण तयार केली व ती मेक्सिको शहरातील एका हॉटेलच्या गच्चीवर नेऊन विश्वकिरणांचे मापन केले. दिशा बदलण्यासाठी सर्व उपकरणे एका हातगाडीवर ठेवलेली होती. पूर्वेपेक्षा पश्चिमेकडून अधिक किरण येतात, असे दिसून आले. त्यावरून अंतराळातून येणारे हे कण प्रामुख्याने धनभारित असतात, असा निष्कर्ष निघाला. साधी साधने वापरून महत्त्वाच्या प्रश्नाचा निकाल लावणारा हा प्रयोग त्यांनी विद्यार्थिदशेतच केला होता.

बर्कलीतील पहिली वर्षे

१९३६ मध्ये जेराल्डिन स्मिथविक यांच्याशी विवाह झाल्यावर ते बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेत रुजू झाले. काही अणुकेंद्रे आपल्याच सर्वांत आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन गिळतात, हे भाकीत सिद्धांताने केले होते. त्याचा पहिला प्रायोगिक पुरावा त्यांनी १९३७ मध्ये दिला. १९३९ मध्ये रॉबर्ट कॉर्नॉग यांच्यासह त्यांनी हायड्रोजनचे ट्रिटियम हे समस्थानिक किरणोत्सर्गी असून हीलियम-३ स्थिर असल्याचे दाखवले. फेलिक्स ब्लॉख यांच्यासमवेत न्यूट्रॉनच्या चुंबकीय परिबलाचे मापनही याच सुमारास झाले.

१९३९ च्या जानेवारीत ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यात युरेनियमच्या अणूचे विखंडन झाल्याची बातमी दिसताच ते केशकर्तन अर्धवट टाकून प्रयोगशाळेकडे धावले. ज्या शोधाची साधने आपल्या हाताशी होती तो दुसऱ्यांनी लावला, ही रुखरुख त्यांना पुढेही लागून राहिली.

युद्धकाळातील कार्य

१९४० मध्ये ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रडार प्रकल्पात सामील झाले. धुक्यात किंवा अंधारात जमिनीवरून सूचना देऊन विमान सुखरूप उतरवण्याची त्यांनी विकसित केलेली पद्धत पुढे बर्लिनच्या नाकेबंदीत विमानाने रसद पोहोचवताना फार उपयोगी पडली. अल्वारेझ स्वतःही हौशी वैमानिक होते. पाणबुडीच्या शोधासाठी त्यांनी योजलेली एक क्लृप्ती विशेष उल्लेखनीय आहे. रडारचे संकेत पकडताच पाणबुडी बुडी मारत असे. तेव्हा विमान जवळ येत असताना संकेताची तीव्रता हळूहळू कमी करत न्यावी, म्हणजे विमान दूर जात आहे, अशी पाणबुडीची समजूत होईल, असे त्यांनी सुचवले.

१९४४ मध्ये ते लॉस अलामॉस येथे अणुबाँब प्रकल्पावर गेले. प्लुटोनियम बाँबमधील सर्व स्फोटके एकाच क्षणी उडणे आवश्यक होते. त्यासाठी लागणारे विद्युत स्फोटप्रेरक त्यांनी विद्यार्थी लॉरेन्स जॉन्स्टन यांच्यासह तयार केले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाबरोबर निरीक्षणासाठी गेलेल्या विमानात अल्वारेझ होते. पॅराशूटने सोडलेल्या मापकांद्वारे स्फोटलहरीचा दाब नोंदवणे हे त्यांचे काम होते. परतीच्या प्रवासात त्यांनी पाच वर्षेही पूर्ण न झालेल्या वॉल्टरला, मोठेपणी वाचण्यासाठी, एक पत्र लिहिले. या भयंकर अस्त्रामुळे तरी राष्ट्रे यापुढे युद्ध टाळतील, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली होती. बाँबच्या वापराचे समर्थन त्यांनी पुढेही सोडले नाही. १९५४ मध्ये रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या चौकशीत त्यांनी दिलेली प्रतिकूल साक्ष अनेक सहकाऱ्यांना रुचली नाही.

बुद्बुद कोठी आणि नोबेल पारितोषिक

युद्धानंतर त्यांनी प्रोटॉनांना वेग देणारा रेषीय त्वरक उभारला. त्या पद्धतीचे त्वरक आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. १९५३ मध्ये त्यांची डोनाल्ड ग्लेसर या तरुण शास्त्रज्ञाशी भेट झाली. उकळण्याच्या बेतात असलेल्या द्रवातून विद्युतभारित कण गेला की त्याच्या मार्गावर बुडबुड्यांची रेघ उमटते, हे ग्लेसर यांनी छोट्या काचपात्रात दाखवले होते. अल्वारेझ यांनी त्या द्रवाच्या जागी उणे २५३ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप हायड्रोजन वापरण्याचे ठरवले आणि पात्राचा आकार वाढवत नेला. १९५९ मध्ये ७२ इंच लांबीची बुद्बुद कोठी कार्यान्वित झाली. लाखो छायाचित्रांचे मापन माणसांकडून होणे अशक्य होते, म्हणून त्यांच्या गटाने अर्धस्वयंचलित मापनयंत्रे व संगणक यांची जोड दिली. अत्यल्प काळ टिकणारे अनेक नवे कण यातून उजेडात आले. शेकडो माणसांनी मिळून करावयाच्या आजच्या अवाढव्य प्रयोगांची पद्धत रूढ होण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

१९६८ चे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. पुढच्याच वर्षी ते अमेरिकन भौतिकशास्त्र संस्थेचे अध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासाठी त्यांनी घरात गोल्फचा सराव करण्याचे एक यंत्रही बनवले होते.

खाफ्रेच्या पिरॅमिडची तपासणी

ईजिप्तमधील खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये एखादे गुप्त दालन असावे काय, हा प्रश्न अल्वारेझ यांनी विश्वकिरणांच्या साहाय्याने सोडवावयाचे ठरवले. विश्वकिरणांतून निर्माण होणारे म्यूऑन हे कण दगडातून आरपार जातात. वाटेत पोकळी असेल तर त्या दिशेने ते अधिक संख्येने येतील. पिरॅमिडच्या तळाशी असलेल्या दालनात उपकरणे बसवण्यात आली. १९६७ च्या अरब–इस्रायल युद्धामुळे काम काही काळ खोळंबले. अखेर पिरॅमिडच्या सुमारे १९ टक्के भागाची तपासणी पूर्ण झाली आणि तेवढ्या भागात दालन नाही, असे आढळले. दालन सापडले नाही, असे कोणी म्हटले की अल्वारेझ त्याला दुरुस्त करत. त्यांच्या मते तेथे दालन नाही, हाच त्यांना लागलेला शोध होता. हा भेद त्यांच्या विचारपद्धतीचा गाभा आहे आणि पुढील लघुग्रहाच्या प्रकरणात तो पुन्हा दिसतो. याच तंत्राने २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये एक मोठी पोकळी आढळली.

गुब्बिओचा खडक

वॉल्टर अल्वारेझ हे इटलीतील गुब्बिओ या गावाजवळच्या घळीत चुनखडकांचा अभ्यास करत होते. प्राचीन समुद्रतळाशी साठलेल्या या गुलाबी थरांमध्ये क्रिटेशस कालखंडाचा शेवट स्पष्ट दिसतो. खालच्या थरांत सूक्ष्म समुद्रजीवांची विविध व मोठ्या आकाराची कवचे आहेत. वरच्या थरांत ती जवळजवळ सर्व नाहीशी होऊन अगदी बारीक कवचे तेवढी उरतात. या दोहोंच्या मध्ये सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर आहे. त्यात जीवाश्म नाहीत. १९७७ मध्ये बर्कली विद्यापीठात रुजू झालेल्या वॉल्टर यांनी या जोडाचा एक तुकडा वडिलांना दाखवला. हीच सीमा डायनोसॉरांच्या अंताचीही आहे, हे ऐकून वडिलांचे कुतूहल चाळवले.

मातीचा हा थर साठण्यास किती काळ लागला असावा, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. इरिडियम हे मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात अत्यंत दुर्मीळ आहे. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत असताना ते लोहाबरोबर गाभ्यात उतरले. अशनींमध्ये मात्र ते विपुल असते. अशनींची सूक्ष्म धूळ पृथ्वीवर सतत पडत असते. तेव्हा थरातील इरिडियम मोजले की तो किती सावकाश साठला हे कळेल, अशी त्यांची कल्पना होती. घटिकापात्रातील पाणी पाहून वेळ सांगण्यासारखाच हा प्रकार होता. इतक्या अल्प प्रमाणाचे मापन असारो व मायकेल न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीने करू शकत होते.

१९७८ मध्ये आलेले आकडे अपेक्षेच्या कितीतरी पलीकडचे होते. गुब्बिओच्या मातीत इरिडियम लगतच्या चुनखडकाच्या सुमारे ३० पट, म्हणजे अब्जामध्ये ९ भाग होते. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंट येथील त्याच काळाच्या थरात ही वाढ सुमारे १६० पट भरली आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमध्ये सुमारे २० पट. काळ मोजण्याचा मूळ हेतू बाजूला पडला. एवढे इरिडियम एकदम कोठून आले, हा प्रश्न उभा राहिला.

पहिला संशय जवळपास कोठेतरी झालेल्या ताऱ्याच्या स्फोटावर होता. तसे असेल तर मातीत प्लुटोनियम-२४४ हे समस्थानिकही सापडले पाहिजे. त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षे असल्याने पृथ्वीच्या जन्मकाळचे प्लुटोनियम केव्हाच संपले आहे; आज ते आढळले तर नंतर बाहेरूनच आलेले असणार. पहिल्या चाचणीत ते आढळल्यासारखे वाटले. मोठ्या शोधाची घोषणा करण्याचा मोह होण्याजोगाच तो क्षण होता. पण नव्या नमुन्यावर पहिल्यापासून सर्व प्रक्रिया पुन्हा करण्यात आली आणि प्लुटोनियमचा मागमूसही लागला नाही. ताऱ्याच्या स्फोटाची कल्पना तेथेच संपली. इरिडियमच्या दोन समस्थानिकांचे प्रमाणही सूर्यमालेतल्यासारखेच निघाले.

आघाताची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एम. डब्ल्यू. डी लॉबेनफेल्स यांनी १९५६ मध्ये आणि हॅरल्ड युरी यांनी १९७३ मध्ये तसे तर्क केले होते. पण त्यांच्याकडे हाती धरता येईल असा पुरावा नव्हता. शिवाय एका ठिकाणी झालेल्या आघाताने जगभरचे जीव कसे मरावेत, हे कोडे होते. लुईस अल्वारेझ यांनी एकामागून एक अनेक कल्पना मांडून स्वतःच मोडीत काढल्या. अखेर १८८३ च्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या धुळीवरून त्यांना वाट सापडली. सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला तर त्याच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या अनेक पट खडकाचा भुगा वातावरणात उंच फेकला जाईल, जगभर अंधार पसरेल, प्रकाशसंश्लेषण थांबेल आणि वनस्पतींपासून सुरू होणारी अन्नसाखळी तुटेल, असे त्यांनी मांडले. आघाताची ऊर्जा त्यांनी सुमारे १० कोटी मेगाटन टीएनटी एवढी काढली. हा शोधनिबंध ६ जून १९८० च्या ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास यान स्मिट व यान हर्टोगेन यांनी स्पेनमधील कारावाका येथे इरिडियमची तशीच वाढ आढळल्याचे स्वतंत्रपणे जाहीर केले.

अण्वस्त्रयुद्धाच्या धुराने सूर्यप्रकाश अडून पृथ्वी गारठेल, हा ‘अणुहिवाळ्या’चा इशारा कार्ल सेगन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दिला. त्यामागील प्रेरणांपैकी एक अल्वारेझ यांचा हा निबंध होता. हिरोशिमाचा स्फोट आकाशातून पाहिलेल्या माणसाच्या संशोधनाला असा वळसा मिळावा, हे लक्षणीय आहे.

वाद

सिद्धांतावर तीव्र वाद माजला. चार्ल्स लायेल यांच्या काळापासून भूविज्ञानाचा भर मंद, अखंड बदलांवर होता. आकाशातून कोसळलेले संकट ही त्या शास्त्राला धर्मकथांकडे परत नेणारी गोष्ट वाटे. पण सर्वच आक्षेप केवळ पूर्वग्रहातून आलेले नव्हते. बर्कलीतीलच पुराजीववैज्ञानिक विल्यम क्लेमेन्स यांनी माँटाना राज्यातील खडकांकडे बोट दाखवले. तेथे इरिडियमच्या थराखालील सुमारे ३ मीटर जाडीच्या गाळात डायनोसॉरांची हाडे मिळत नव्हती. मग आघातापूर्वीच ते संपले होते काय? जीवाश्म जितके दुर्मीळ तितका त्या प्राण्याचा शेवटचा अवशेष खऱ्या अंताच्या बराच खाली सापडण्याचा संभव, असे उत्तर फिलिप सिग्नर व जेरे लिप्स यांनी १९८२ मध्ये संख्याशास्त्राच्या आधारे दिले. ते कितपत खरे, याची परीक्षा पुढे थरन् थर तपासणाऱ्या पुराजीववैज्ञानिकांनीच केली. स्पेनच्या किनाऱ्यावर अमोनाइट आधीच संपले असावेत, असे प्रथम मानणाऱ्या पीटर वॉर्ड यांना अधिक शोधानंतर ते सीमेपर्यंत सापडले.

दुसरीकडे आघाताच्या बाजूचा पुरावा वाढत गेला. १९८४ मध्ये ब्रूस बोहोर यांना सीमेवरील मातीत प्रचंड दाबाच्या खुणा असलेले गारेचे कण आढळले. असे कण अशनींच्या विवरांत व अणुचाचणीच्या जागी मिळतात.

लुईस अल्वारेझ यांची वादाची शैली मात्र कठोर होती. आकड्यांनी निकालात निघालेल्या मतावर पुन्हा चर्चा करणे त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. १९८८ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी पुराजीववैज्ञानिकांची तुलना टपाल तिकिटे जमवणाऱ्यांशी केली. विरोधकांविषयीचे त्यांचे उद्गारही बोचरे होते. ही टीका अन्यायाची होती. गुब्बिओच्या त्या थराचे महत्त्व सूक्ष्म कवचे चिकाटीने गोळा करणाऱ्यांमुळेच कळले होते. सीमेचा थर नेमका कोठे आहे, हे इझाबेला प्रेमोली सिल्व्हा यांच्यासारख्या अभ्यासकांनी ठरवून दिले नसते, तर इरिडियम मोजण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

दख्खनचा लाव्हा

विरोधी पक्षाचा सर्वांत समर्थ आधार महाराष्ट्राच्या भूमीत होता. सह्याद्रीचे कडे, अजिंठा–वेरूळची लेणी आणि असंख्य गिरिदुर्ग ज्या काळ्या कातळात आहेत, तो कातळ क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस लाव्ह्याच्या प्रचंड उद्रेकांतून निर्माण झाला. झीज होऊनही त्याने आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला असून पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी २ किलोमीटरांहून अधिक आहे. ड्यूई मॅक्लीन यांनी या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या कर्बवायूला विलोपाचे कारण मानले. चार्ल्स ऑफिसर व चार्ल्स ड्रेक यांनीही ज्वालामुखीचीच बाजू घेतली. १९८३ मध्ये हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीतून निघणाऱ्या कणांत इरिडियम आढळल्याने या मताला बळ मिळाले. अल्वारेझ यांना ते कधीच पटले नाही. त्यांच्या पक्षाचे म्हणणे असे की लाव्हा लाखो वर्षे वाहत राहिला, तर इरिडियमचा थर एकाएकी साठलेला आहे. तसेच ज्वालामुखीतून तशा खुणांचे गारेचे कण निर्माण होत नाहीत.

मृत्यू आणि त्यानंतर

पहिला विवाह संपुष्टात आल्यावर अल्वारेझ यांनी १९५८ मध्ये जॅनेट लँडिस यांच्याशी विवाह केला होता. दोन्ही विवाहांपासून त्यांना एकूण चार अपत्ये झाली. १९८७ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी माँटेरे उपसागरात विसर्जित करण्यात आल्या. ३५८१ क्रमांकाच्या लघुग्रहाला या पितापुत्रांच्या सन्मानार्थ अल्वारेझ हे नाव देण्यात आले आहे.

एवढा मोठा आघात झाला तर विवर कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. वस्तुतः ते विवर आधीच दिसले होते. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी सर्वेक्षण करताना ग्लेन पेनफील्ड यांना १९७८ मध्ये युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर जमिनीखाली गाडलेली वर्तुळाकार रचना आढळली होती. अँटोनियो कामार्गो यांच्यासह त्यांनी १९८१ मध्ये ती एका परिषदेत जाहीरही केली, पण विवराच्या शोधात असलेल्यांपर्यंत ही वार्ता पोहोचली नाही. अॅलन हिल्डेब्रँड, पेनफील्ड व इतरांनी १९९१ मध्ये चिक्शुलूब विवराची ओळख पटवली. त्याचा व्यास सुमारे १८० किलोमीटर आहे. अल्वारेझ गटाने १९८० मध्ये केलेला अंदाज २०० किलोमीटरांचा होता. २०१० मध्ये ४१ शास्त्रज्ञांनी सर्व पुराव्यांचा आढावा घेऊन या आघाताला विलोपाचे प्रमुख कारण ठरवले.

दख्खनचा प्रश्न तरीही मिटलेला नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना १९९० च्या दशकात कच्छमधील अंजार येथे लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळात इरिडियम आढळले; ते आघाताचेच असेल, तर लघुग्रह आदळण्याआधीपासून लाव्हा वाहत होता, असा त्याचा अर्थ होतो. आघाताच्या हादऱ्यानेच दख्खनचे सर्वांत मोठे उद्रेक सुरू झाले असावेत, असे मार्क रिचर्ड्स व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुचवले. त्या निबंधाच्या लेखकांत वॉल्टर अल्वारेझ हेही आहेत. २०१९ मध्ये बर्कली आणि प्रिन्स्टन येथील दोन गटांनी पश्चिम घाटातील खडकांचे वय अत्यंत सूक्ष्मपणे काढले. बर्कलीच्या गटाच्या मते बहुतांश लाव्हा आघातानंतर वाहिला, तर प्रिन्स्टनच्या गटाच्या मते एक मोठा उद्रेक विलोपाच्या अगदी आधी झाला.